ही रेस नव्हे हो!
घोडेस्वारीच्या स्पर्धांवरच्या तुमच्या लेखात जंपिंगबद्दल, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेबद्दल, लिहिलेलं 'जंपिंगमध्ये जो सर्वात वेगात, तोच जिंकतो' हे वाक्य नवख्यांची दिशाभूल करणारं आहे. ही रेस नव्हे हो! अडथळ्याचा दांडा पडला की 4 फॉल्ट (दंडाचे गुण), घोडा पहिल्यांदा अडला तरी 4, स्वार पडला तर थेट बाद. बहुतेक स्पर्धांत घड्याळ कामाला येतं ते फॉल्ट सारखे झाल्यावर.

लेखात आणखी एक राहिलंच. माझी भाची ऐरोलीहून पहाटेची लोकल पकडून महालक्ष्मीला स्पर्धेला जाते, सोबत आम्ही. जंपिंग सुरू होण्याआधी स्वार पायीच मैदानात फिरून दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजतात. घोड्याला कुठे आवरायचं, कुठे सोडायचं ते तिथेच ठरतं. नवे प्रेक्षक नेमके तेव्हाच वडापावच्या शोधात असतात (आम्हीही!). ड्रेसाजच्या (घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींच्या स्पर्धेच्या) गुणांचं मात्र लेखात छान समजावलंय.