टोकन माणसाच्या नावावर का नको

माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय की गिटहबवर एका रेपोच्या (कोड ठेवायच्या जागेच्या) बिल्डने (कोडमधून सॉफ्टवेअर आपोआप तयार करण्याच्या कामाने) दुसऱ्या रेपोचं बिल्ड चालू करायला मी उगाच गिटहब अ‍ॅपचा (रेपोंवर बसवायच्या, माणसापासून वेगळ्या ओळखीचा) घाट घातलाय, पर्सनल टोकन (एका माणसाच्या खात्याची डिजिटल किल्ली) सीक्रेटमध्ये (रेपोच्या गुप्त सेटिंगमध्ये) टाकलं की दोन मिनिटांत काम होतं, आणि गिटहबच्या आपोआप मिळणाऱ्या टोकनने पुश केलं (बदल रेपोत पाठवला) की पुढचं वर्कफ्लो (ठरलेल्या घटनेवर आपोआप चालणारी कामं) सुरूच होत नाही हा त्यांचा बग आहे.

आधी बगचं. बग नाहीये, मुद्दाम तसं ठेवलंय. बिल्डने कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) पुश केलं, त्या पुशने परत तेच बिल्ड, त्याने परत कमिट, असं गरगर फिरत राहू नये म्हणून. 2022 पासून वर्कफ्लो डिस्पॅच आणि रिपॉझिटरी डिस्पॅच (वर्कफ्लो सुरू करायला मुद्दाम पाठवायचे इशारे) या दोघांना सूट आहे, पण ते टोकन आपल्या रेपोपुरतंच, दुसऱ्या रेपोत त्याने काही सुरू करता येत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

पर्सनल टोकन दोन मिनिटांत होतं हे मान्य, आम्हीही तेच केलं होतं. लायब्ररीचं रिलीज झालं की कर्लने (वेबवर विनंती पाठवणाऱ्या कमांडने) मोबाइल अ‍ॅपच्या रेपोला रिपॉझिटरी डिस्पॅच जायचं, टोकन एका सहकाऱ्याचं. तो नोकरी सोडून गेला, त्याला ऑर्गनायझेशनमधून काढलं आणि त्या दिवसापासून अ‍ॅपचं बिल्डच बंद. कुणाला पत्ताच नाही, कारण रेपो प्रायव्हेट असल्यामुळे गिटहब 404 ('सापडलं नाही') देत होतं आणि कर्लला फेल फ्लॅग (असा एरर आला की स्टेप नापास करणारा पर्याय) नव्हता, त्यामुळे स्टेपवर रोज हिरवी टिक! टेस्टिंगच्या ताई अकरा दिवस सांगत होत्या की बग तसाच आहे आणि आम्ही अकरा दिवस त्यांनाच सांगत होतो की फिक्स गेलंय, नीट बघा. त्याचं मला अजून वाईट वाटतं. गिटहब अ‍ॅपचं टोकन कुणा माणसाचं नसतं, तासाभरात संपतं, आणि अ‍ॅप ज्या रेपोंवर इन्स्टॉल केलंय तेवढ्यांवरच चालतं. म्हणून मी अडून बसलोय.

एक मुद्दा मात्र पटला, सगळं एकाच रेपोत असेल तर यातलं काहीच नको, सरळ वर्कफ्लो कॉल (एका वर्कफ्लोमधून दुसरं बोलावणं) वापरा. पण तुम्ही सुचवलेलं वर्कफ्लो रन (एक वर्कफ्लो संपलं की दुसरं सुरू होणं) जपून हं, पहिलं बिल्ड फेल झालं तरी ते सुटतं, सक्सेसची अट आपणच घालायची. आणि फोर्कवरून (दुसऱ्याने घेतलेल्या रेपोच्या प्रतीवरून) आलेल्या पुल रिक्वेस्टनंतरही (बदल घ्या अशा विनंतीनंतरही) ते आपल्या सीक्रेट्ससकट चालतं, तिथे त्या रिक्वेस्टचा कोड चेकआउट करून चालवला तर अनोळखी माणसाच्या हातात घराच्या किल्ल्या.

लेखातल्या कर्लच्या ओळीतही फेल फ्लॅग राहिला होता, तो आज टाकलाय. तुमचं डिस्पॅच जाऊनही समोर काही होत नसेल तर समोरच्या वर्कफ्लोची यामल फाइल त्या रेपोच्या डीफॉल्ट ब्रँचवर (मुख्य शाखेवर) आहे का तेवढं आधी बघा.