मॉडेल : बरको

चूक माझीच. औद्योगिक सहलीला फणस घेऊन जाऊ नये. पण मेहुणी पनवेलला, आणि घरचा बरका फणस पिकायला आलेला. चिपळूणहून पहाटे तीनला पन्नास पोरं कोंबून बस निघाली. मुंबई-गोवा हायवेचं रुंदीकरण 2011 ला सुरू झालं, तेव्हा यातली बरीचशी बालवाडीत होती. आता कॉलेजात आली, तरी डोकं बसच्या टपाला आपटायचं ते आपटतंच.

उरणजवळच्या त्या स्वयंचलित गोदामापाशी उतरलो, तर ड्रायव्हर म्हणाला, पंक्चर काढायला जातो, तुमचं धूड उतरवा, वासाने डोकं उठलंय. म्हणून मी, विभागप्रमुख, काखेत फणस घेऊन गेटवर.

वॉचमन मालवणकडचा. समोर पाटाएवढं रजिस्टर, त्याला सुतळीने बांधलेलं पेन.

"ह्यां काय?"

"फणस."

"ता माका दिसता. कंपनी?"

"घरचं झाड आहे हो."

त्याने 'घरगुती' लिहिलं. "सिरियल नंबर?"

"फणसाला?"

"नंबर नसलेली वस्तू आत जाऊक नाय."

"मग बाहेर ठेवा."

"बाहेर ठेवूक पण नंबर व्हयो. रकानो रिकामो ऱ्हवलो तर सुपरवायझर माका खातलो."

मागे पोरं खिदळत होती. शेवटी माझ्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे फणसाला दिले. मॉडेलच्या रकान्यावर पेन थांबलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर माणुसकी आली. "कापो काय बरको?"

"बरका."

"मॉडेल : बरको," तो लिहिता लिहिता पुटपुटला आणि फणस टेबलाखाली सरकवला.

जाता जाता सांगतो, आजच्या पद्धतीचा बारकोड दुकानात पहिल्यांदा वाचला गेला तो 26 जून 1974 ला, अमेरिकेत ओहायोमध्ये, च्युइंगमच्या पाकिटावर. म्हणजे पाच पैशांच्या चघळण्याला ओळख मिळून पन्नास वर्षं झाली. आमच्या बारा किलोच्या फणसाला सुतळीचं पेन.

आत मात्र थक्क व्हायला झालं. पाटासारखे बुटके रोबो जमिनीवरचे क्यूआर कोड वाचत सरपटत येतात, अख्खं कपाट डोक्यावर उचलतात आणि माणसापुढे नेऊन ठेवतात. माणसाने चालायचंच नाही. ही युक्ती गाजवणारी किवा ही कंपनी अॅमेझॉनने 2012 ला 77.5 कोटी डॉलरला घेतली, हे मी बसमध्ये तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा पोरं झोपलेली. कपाटांत साबणाशेजारी खेळणं, खेळण्याशेजारी कुकरची रिंग. मुद्दामच तसं. जिथे जागा दिसेल तिथे माल कोंबायचा, कुठे काय आहे ते कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. आमच्या घरी हीच पद्धत आहे, फक्त कॉम्प्युटर नाही.

एका पोराने विचारलं, "सर, इथे आम्हाला काय काम मिळेल?" माहिती देणारा हसला आणि म्हणाला, "आम्हाला माणसं कमी लागतात, हाच तर फायदा." पोरं गप्प झाली. चिपळूणहून हाडं खिळखिळी करत पन्नास जणांना आणलं, आणि दाखवलं काय, तर त्यांच्यावाचून कसं भागतं ते. आणि मी, त्यांचा मास्तर, तेवढ्यात मनात फणसाची चौकशी करत होतो.

बाहेर आलो तर वॉचमनची पाळी बदललेली. नवा म्हणाला, 'रिटर्नेबल', म्हणजे परत न्यायचा माल, या रकान्यात टिक नाही, माल सोडता येत नाही. मी फणसाकडे बोट दाखवलं. टेबलाखाली, तीन फुटांवर. नुसता दिसत नव्हता, तर घमघमतही होता. "दिसतोय हो, पण नोंदीत नाही." मेल करा म्हणाला. मी खरंच केला. विषय : फणस.

मेहुणी अजून बोलत नाही. काल गेटवरून फोन आला : माल फुटला, दोन्ही पाळ्यांनी मिळून निकाली काढला. आठळ्या मात्र रिटर्नेबल केल्यात, ओळखपत्र घेऊन या आणि गरे किती होते ते सांगा, रकाना रिकामा आहे.