विंचेस्टर हाऊसमधलं भूत आणि आईचे गुडघे

आमच्या सॅन होजेत भारतातून कोणाचे आईबाबा आले की त्यांना न्यायच्या जागा ठरलेल्या आहेत. गोल्डन गेट, स्टॅनफर्ड, मग शॉपिंगसाठी सांताना रो, आणि सांताना रोला गेलंच की रस्त्यापलीकडे विंचेस्टर मिस्टरी हाऊस, आपल्या लोकांच्या भाषेत "ते भुताचं घर". मी इतकी वर्षं इथे राहून कधी आत गेले नव्हते, मागच्या महिन्यात आईला घेऊन गेले आणि तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते आज लिहून टाकतेय. पोस्ट लांबलीये, सवडीने वाचा.

गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. सारा विंचेस्टर, बंदुकांच्या कंपनीतली श्रीमंत विधवा. तिला म्हणे बॉस्टनमधल्या एका आत्म्यांशी बोलणाऱ्या माणसाने सांगितलं की विंचेस्टर रायफलने जेवढी माणसं मेली त्यांचे आत्मे तुझ्यामागे लागलेत, पश्चिमेला जा, घर बांध आणि बांधकाम थांबवू नकोस, थांबलं की तू गेलीस. म्हणून ती 38 वर्षं रात्रंदिवस बांधत राहिली, भुतांना चकवायला छताला जाऊन धडकणारे जिने केले, उघडलं तर थेट खाली बागेत पडाल असा दरवाजा केला, आणि जिथे तिथे 13 चा आकडा.

आता खरं काय ते बघा. त्या बॉस्टनवाल्याचा कुठेही पुरावा नाही. 38 वर्षांचा हिशोबच जुळत नाही, कारण तिने हे घर घेतलं 1886 मध्ये, तेव्हा ते आठ खोल्यांचं साधं फार्महाऊस होतं, आणि ती वारली 1922 मध्ये. रात्रंदिवस काम पण नाही, तिच्या पत्रांत कामगारांना सुट्टी देऊन काम महिनोनमहिने बंद ठेवल्याचे उल्लेख आहेत. आणि ते छतात जाणारे जिने! 18 एप्रिल 1906 चा सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप झाला त्यात या घराचा सात मजली टॉवर कोसळला, वरचे मजले गेले, तिने ते परत बांधले नाहीत, पडलेलं उचललं आणि उघडं पडलं होतं ते बंद केलं. वरचा मजलाच गेल्यावर जिना जाणार कुठे? बाल्कनी गेल्यावर दार उघडणार कशात? भूकंपानंतर ती या घरात फारशी राहिली पण नाही, अ‍ॅथर्टनला तिचं दुसरं घर होतं, बर्लिंगेमला हाऊसबोट होती. 13 आकड्याच्या बऱ्याच गोष्टी तर ती गेल्यानंतर घातल्या गेल्यात.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

आत एक जिना आहे, ईझी रायझर म्हणतात त्याला. एकेक पायरी जेमतेम दोन-अडीच इंच उंच. 44 पायऱ्या, सात वळणं, आणि एवढं सगळं फिरून वर किती गेलो तर नऊएक फूट, एरवी पंधरा पायऱ्यांत चढलो असतो तेवढं. आमच्या पुढे एक कपल होतं, ते कुजबुजत होते की भुतं गोंधळावीत म्हणून असा जिना केलाय. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत, आमच्या घरचा जिना ती एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून, कठडा धरून चढते, आणि मधेच थांबून "होतंय गं" म्हणते. त्या दिवशी मी हात द्यायला मागे वळले तर ती हात सोडून चालली होती. सातही वळणं, न थांबता. वर पोचल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, या बाईचे गुडघे दुखत होते."

खरंच दुखत होते! साराला भयंकर संधिवात होता, शेवटी शेवटी हातांची बोटं पण वाकडी झाली होती. त्याच्यासाठीच तो जिना, त्याच्यासाठीच घरात लिफ्ट. जे आईला एका मिनिटात पायांनी कळलं त्याचं लोकांनी भूत करून ठेवलं.

आणि ते घर नीट बघितलं ना तर भीती नाही वाटत, कौतुक वाटतं. 160 खोल्या, सगळीकडे लाकूड, काचेच्या खिडक्या. बटण दाबून लागणारे गॅसचे दिवे. कोणत्या खोलीतून हाक आली ते नोकरांना कळावं अशी घंटेची सोय. झाडं ठेवायच्या खोलीत जमीन जस्ताची आणि उतरती, वरची लाकडी फळी उचलायची, झाडांना पाणी घालायचं, सांडलेलं पाणी खाली बागेतल्या झाडांना जाणार, थेंब वाया नाही. धुण्याच्या टबांना कपडे घासायची खाचांची फळी टबातच बसवलेली, आई तिथे वाकून बघत बसली होती. व्हिक्टोरियन काळात बाईला आर्किटेक्ट होता येणं सोपं नव्हतं, हिने आर्किटेक्टना रजा दिली आणि स्वतः प्लॅन काढले, आवडलं नाही तर पाडलं, परत बांधलं. कुठे कुठे चुकलंय पण, दिसतं ते. पण पुरुषाने केलं असतं तर हौशी, कल्पक म्हणाले असते, विधवा बाईने केलं तर तिला भुताने झपाटलं.

1895 च्या सुमारास पेपरांत छापून यायला लागलं की ही बाई मरणाला घाबरून बांधतेय. ती कोणाला भेटत नव्हती, उत्तर देत नव्हती, मग काय, ज्याला जे सुचेल ते. एकट्या राहणाऱ्या विधवेबद्दल लोक काय काय बोलतात हे आपल्याला कोणी कॅलिफोर्नियाहून येऊन सांगायला नको.

आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. बंदुकांची कंपनी काढली सासऱ्याने, ऑलिव्हर विंचेस्टरने, 1866 मध्ये. विकल्या कंपनीने. चालवल्या सैनिकांनी आणि जमिनी बळकावणाऱ्यांनी. आणि भुतं लागली कोणाला, तर सुनेला. त्या गोळ्यांनी मूळ अमेरिकी लोक मेले, खरीखुरी माणसं, नावं असलेली, पोरंबाळं असलेली, त्यांना पण या गोष्टीत काय जागा मिळाली तर रात्री दार वाजवायची. बंदुकीच्या पैशाबद्दल बोलायचं तर जरूर बोला, पण मग कंपनीबद्दल बोला ना.

हे पण मान्य करते की भुतामुळेच घर वाचलं. ती गेल्यावर मोडकं, अर्धवट म्हणून घराची किंमत शून्य धरली होती. 1923 मध्ये अम्युझमेंट पार्कच्या धंद्यातल्या एका माणसाने ते भाड्याने घेऊन तिकीट लावलं, 1924 ला जादूगार हुडिनी येऊन गेला, गाजावाजा झाला. तिकीट विकलं गेलं नसतं तर आज तिथे पार्किंग लॉट असता, आजूबाजूच्या तिच्या जर्दाळू आणि प्रून्सच्या बागांचं तेच झालंय. पण शंभर वर्षं झाली आता. नवऱ्याच्या नावाने न्यू हेवनला टीबीच्या पेशंटसाठी हॉस्पिटल व्हावं म्हणून तिने लाखो डॉलर दिले, येलच्या हॉस्पिटलात छातीच्या विकारांच्या क्लिनिकला अजून विंचेस्टर नाव आहे, हे इथल्या किती जणांना माहितीये? नवरा टीबीनेच गेला होता, 1881 मध्ये, सासरे गेल्यावर तीन-चार महिन्यांत.

बाहेर बागेत बाकावर बसलो तेव्हा मी आईला साराच्या मुलीचं सांगितलं. अ‍ॅनी. 1866 च्या जूनमध्ये झाली, अंगाला अन्नच लागत नव्हतं, सहा आठवड्यांत गेली. परत मूल झालं नाही. आई गप्प झाली. मग म्हणाली, "सव्वा महिना. म्हणजे बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर पण आली नसेल गं ती नीट."

रात्री मावशीचा व्हिडिओ कॉल आला पुण्याहून, तिने पहिलंच विचारलं, काय गं ताई, भूत दिसलं का. आई म्हणाली, "भुताचं राहू दे, तुला पायऱ्या सांगते," आणि फोन टेबलाला टेकवून दोन्ही हातांनी दोन इंचाचं माप दाखवायला लागली.