पुलाखाली राहणाऱ्यांना लाईट बिल मागता?

डोकं फिरलंय आज. पुलाखालच्या पोरीला आणि तिच्या आईला घेऊन शाळेत गेले होते. पहिलीत नाव घालायचं होतं, एवढंच. क्लार्कने मानही वर न करता विचारलं, "पत्त्याचा पुरावा?" आई म्हणाली, "पुलाखाली राहतो की साहेब, रिक्षा स्टॉपच्या मागं." हा म्हणतो, "तसं चालत नाही. लाईट बिल आणा, नाहीतर भाडेकरार." अहो, लाईट बिल असतं तर ती बाई लेकरं घेऊन पुलाखाली का झोपली असती?

मग आधार मागितलं. मग जन्मदाखला. पोरगी ऊसतोडीच्या वेळी फडातल्या कोपीत जन्मली. नोंद कुठल्या गावात शोधायची, ते आईलाही सांगता येत नाही. पोरगी मात्र धुतलेला फ्रॉक घालून, चपचपीत तेल लावून, नवी पाटी छातीशी धरून उभी. वय विचारलं तेव्हा तिने सहा बोटं वर केली. त्या माणसाने बघितलंसुद्धा नाही. "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी ती सिग्नलला गजरे विकायला लागलेली असेल, तेव्हा काय बघणार आहात?

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, हे कलम 14 मध्ये लिहिलंय. अंगणवाडीची नोंद, आईबापाचं घोषणापत्र चालतं. हे सगळं सांगितलं, तर म्हणे आधार नसलेलं पोर संचमान्यतेत, म्हणजे पोरांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात त्या मोजणीत, धरत नाहीत, शिक्षकाचं पद जातं. अडचण खरी आहे, शंभर टक्के खरी. मग वर जाऊन भांडा ना! त्या सहा वर्षांच्या पोरीवर का काढता? शेवटी म्हटलं, नकार द्यायचा तर लेखी द्या, सही-शिक्क्यासकट. ते मात्र दिलं नाही.

आणि हे एका शाळेपुरतं नाही. आधारला पत्ता लागतो, रेशनला आधार लागतं, घरकुलाच्या अर्जाला सगळंच लागतं. घर नसलेल्याने आधी घराचा कागद आणायचा! याच सोलापुरात विडी वळणाऱ्या बायांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून शहराजवळच्या कुंभारीला 10,000 घरं उभी करून घेतली. तिथल्याच रे नगर वसाहतीचं काम तर 30,000 घरांचं, त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या 2024 च्या जानेवारीत दिल्या. त्या बायांचा मला अभिमानच आहे. पण त्यांच्याकडे कामाची नोंद होती, मागे युनियन होती. पुलाखालच्या बाईच्या मागे कोण आहे? अतिक्रमणाची गाडी. ती येते आणि चूल, गोधड्या, पोरांची दप्तरं, सगळं एका झटक्यात उचलून नेते. दप्तर म्हणजे अतिक्रमण?

सिग्नलवर केक कापून फोटो काढणाऱ्यांचाही मला भयंकर राग येतो. केक खाऊन झाला की त्या पोराचं नाव तरी लक्षात राहतं का तुमच्या? त्यापेक्षा एखाद्या सकाळी त्याच्या आईबरोबर शाळेच्या ऑफिसात जाऊन बसा.

"निवारा केंद्रात का जात नाहीत ही माणसं?" हे तर मला परत कुणी विचारूच नका. दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची कायम सोय हवी, असं शहरी बेघरांसाठीच्या सरकारी योजनेतच लिहिलं होतं. 2011 च्या जनगणनेत आपण साडेनऊ लाख होतो, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानेही साडेनऊशे जागा. कुटुंबांसाठी वेगळे निवारेसुद्धा त्याच योजनेत होते. मी जिथे विचारलं तिथे उत्तर मिळालं, पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, आणि मोठा मुलगा पुरुषांत. अकरा वर्षांचं पोर रात्रभर अनोळखी पुरुषांच्या हॉलमध्ये ठेवायचं? तुम्ही ठेवाल तुमचं?