रांजण, ठेकेदार आणि तुमचा प्रश्न

नमस्कार,

दारातल्या रांजणावरच्या माझ्या लेखाखाली 'एक नाशिककर' या नावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी चार-पाच वेळा वाचली. उत्तराला तीन आठवडे लागले, त्याबद्दल माफ करा. बसल्या जागी उत्तर द्यावं असं ते लिहिणं नव्हतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या जेल रोडच्या घराच्या फाटकाबाहेर होळी झाली की मी रांजण भरून ठेवते. शेजारच्या आजींचं औषध आणणं, कुरिअरवाल्या मुलाला दोन मिनिटं पंख्याखाली बसवणं, अशा लहानसहान गोष्टींबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात की हा पोट भरलेल्यांचा विरंगुळा आहे. बांधकामावरच्या मजुरांना पिण्याचं पाणी देणं ही मालकाची आणि ठेकेदाराची जबाबदारी आहे, १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातच ती घातली होती, आणि माझा रांजण त्या ठेकेदाराचे पैसे वाचवतो. शेवटी तुम्ही लिहिलंत, 'काळाराम मंदिराचं दार कुणाच्या प्रेमळपणाने उघडलं नाही.'

हे शेवटचं वाक्य मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला तो सत्याग्रह पाच वर्षं चालला, तरी दार बंदच राहिलं. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, त्यांना धर्मांतराची घोषणा करावी लागली. त्या पाच वर्षांत पंचवटीत शेजाऱ्याला वाटीभर साखर देणारी, वाटसरूला ताक पाजणारी माणसं नक्कीच होती. त्यांच्या चांगुलपणाने ते दार तसूभरही हललं नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधणारही नाही.

उलट, लेखात जे लिहायचं टाळलं ते आज सांगते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, भर दुपारी, पलीकडच्या साइटवरची एक बाई फाटकाशी आली. पेठ तालुक्याकडची असावी, बोलण्यावरून वाटलं. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. रांजणावर झाकण, झाकणावर ओगराळं, साखळीला बांधलेला स्टीलचा पेला, सगळं समोर होतं. पण ती ओंजळ करून उभी राहिली. मी बाहेर आले, ओगराळ्याने तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. ती प्यायली, मनगटाने तोंड पुसलं. तेवढ्यात मुलीने पेल्याला हात लावला. आईने फाडकन तिच्या हातावर मारलं. 'हात नको लावू.' मुलगी रडली नाही. हात मागे घेऊन पदराआड गेली, जणू हे तिला आधीपासून ठाऊक होतं.

मला माझ्या आजीचं घर आठवलं. मागच्या दारी काही माणसांना असंच वरून पाणी ओतायचे, आणि आजी गावात दयाळू म्हणून ओळखली जायची. मी रांजण ठेवताना मनात असलं काही नव्हतं. पण त्या बाईला ते कसं कळणार? तिला वरून येणारं पाणीच माहीत होतं, आणि मी विचार न करता ते वरूनच ओतलं. 'देणाऱ्याचा हात वर राहतो' असं तुम्ही म्हणता ना, तो हात मी माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत पाहिलाय. दुसऱ्या दिवशी मी तोटीचा रांजण आणला, ओगराळं घरात ठेवून दिलं, आणि रांजणाची घडवंची लहान मुलाचा हात पोचेल इतकी खाली केली. आता कुणी कुणाला पाणी देत नाही, ज्याला हवं तो घेतो. लेखात मी फक्त 'तोटी बसवली' एवढंच लिहिलं होतं. लाज वाटली म्हणून.

आता ठेकेदाराचं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी साइटवर गेले. तिथे पाण्याची टाकी होती, ती सिमेंट कालवायची. तेच पाणी माणसं पीत होती. मी विचारलं तर ठेकेदार हसून म्हणाला, 'ताई, तुमचा रांजण आहे की.'

म्हणजे तुमचं बरोबर ठरलं. अगदी शब्दाला शब्द.

पण इथून पुढे माझं तुमच्याशी पटत नाही. त्या साइटवर पिण्याचं पाणी नाही हे आमच्या गल्लीत कुणाला कळलं होतं? माझ्या दारात माणसं येत होती म्हणून मला कळलं. रांजण नसता तर साइटच्या पत्र्याआड काय चाललंय ते मला या जन्मात दिसलं नसतं, आणि तुमचा १९९६ चा कायदा मी कुठे नेऊन वापरला असता? मी तीनदा गेले, तिसऱ्यांदा सोसायटीतले दोघे बरोबर आले, तेव्हा कुठे वीस लिटरचे दोन जार रोज येऊ लागले. यात अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत चाळीस अंशाच्या उन्हात त्या माणसांनी काय प्यायचं होतं? मी रांजण उचलून आत ठेवला असता तर ठेकेदाराचं काही बिघडलं नसतं, तहान त्या बायांनीच सोसली असती.

मे २०२० आठवून बघा. मुंबईहून निघालेले लोक आग्रा रोडने चालत होते. कसारा चढून, इगतपुरी-घोटी मागे टाकून नाशिकपर्यंत. आम्ही विल्होळीजवळ पोळीभाजीची पाकिटं घेऊन उभे होतो. एकाने पाकीट घेतलंच नाही. खिशातून बंद पडलेला फोन काढून म्हणाला, 'दीदी, दस मिनट चार्ज हो जाएगा क्या?' टेम्पोत चार्जर होता. फोन सुरू झाल्यावर तो घरी एवढंच बोलला, 'नासिक आ गए.' पलीकडून कुणीतरी मोठ्याने रडत होतं, ते मला उभ्या जागी ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही एका गॅरेजवाल्याकडून वायर ओढून बोर्ड लावला. दुपारपर्यंत त्या बोर्डाभोवती माणसं उकिडवी बसलेली होती, जेवणापेक्षा जास्त गर्दी तिथे. त्या माणसांवर अशी वेळ का आली, हा प्रश्न सरकारला विचारायलाच हवा होता आणि आजही हवा. पण ते दहा मिनिटांचं चार्जिंग कुठल्या आदेशात, कुठल्या मदतीच्या यादीत येणार होतं? ते तिथे उभ्या असलेल्यालाच दिसतं.

कायदा नको असं मी म्हणत नाही. अपघातातल्या जखमीला उचलायला लोक कचरायचे, मागे पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आलं. आता नाव-गाव सांगायचीही सक्ती नाही. फार मोठी गोष्ट झाली ती. तरी द्वारका चौकात कुणी पडला तर ते कलम खाली वाकून त्याला उचलत नाही. उचलणारा माणूसच लागतो, आणि त्याला वाकायची सवय आधीपासून असावी लागते. ती सवय औषध आणून देण्यात आणि पंख्याखाली बसवण्यातच लागते, असं मला मनापासून वाटतं.

फोटो टाकल्याबद्दल तुम्ही बोललात, तेही मान्य. त्यातल्या दोन मजुरांना मी विचारलं नव्हतं. तो फोटो काढून टाकलाय. लिहिणं मात्र थांबवणार नाही, कारण रांजण ठेवायचं मीही दुसऱ्याच्या दारात पाहूनच शिकले.

तुमच्या एका प्रश्नाला मात्र मी अजून हात घालू शकलेले नाही: 'त्या बायांना रोज किती मिळतो, हे विचारलंत का?' विचारलं. गड्यांपेक्षा कमी मिळतो. घमेली तीच, मजले तेवढेच. समान कामाला समान मोबदला ही सक्ती १९७६ च्या कायद्यापासूनची, हे मला माहीत आहे. पण ठेकेदारासमोर काय बोलायचं, कुठला कागद दाखवायचा, बायांचं काम जाऊ न देता ते कसं करायचं, हे मला कळत नाही, आणि तुम्हाला कळतं हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. ठेकेदार सकाळी साडेआठला साइटवर असतो. सोमवारी या. फाटकाबाहेर रांजण दिसेल, तेच घर.