‘सेट पूर्ण होईस्तोवर काही वाढवू नका’ हा मेसेज पाळताय? मग हे वाचा

सांगली-मिरजेकडच्या गेमिंग ग्रुपांवर महिनाभर जेनशिन इम्पॅक्ट या गेमचा एक मेसेज फिरतोय, ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गियर, म्हणजे कॅरेक्टरचं शस्त्र आणि आर्टिफॅक्ट (अंगावर घालायचे पाच पीस, एकाच सेटचे घातले की बोनस), ते वाढवायचे चार नियम आहेत त्यात. एक, बेस्ट सेटचे पाचही पीस मिळेपर्यंत एकही आर्टिफॅक्ट वाढवू नका, सगळं वाया जातं. दोन, फाइव्ह स्टार शस्त्र नसेल तर त्या कॅरेक्टरवर खर्चच करू नका. तीन, सगळं रेझिन (वेळेनुसार भरणारी ऊर्जा) आर्टिफॅक्टच्या डोमेनमध्ये (जिथं लढून ते मिळतात) घाला, टॅलंट (कॅरेक्टरच्या हल्ल्यांची लेव्हल) शेवटी. चार, फक्त क्रिट डॅमेज (मोठा टोला बसला तर तो किती मोठा) बघा.

लिहायला बसलो कारण विश्रामबागला आमच्या गल्लीतला अकरावीतला एक पोरगा हे नियम तंतोतंत पाळत बसलाय. परवा त्याचं अकाउंट बघितलं, बॅगेत ढीगभर फाइव्ह स्टार आर्टिफॅक्ट आणि सगळे प्लस झिरो (न वाढवलेले), शियांगलिंग (गेममधलं एक कॅरेक्टर) लेव्हल ८० ला नेऊन ठेवलीय पण तिन्ही टॅलंट १ वर, आणि स्पायरल अबिसच्या (मजल्यामजल्यानं अवघड होत जाणाऱ्या लढाया) नवव्या मजल्यावर अडकून मला विचारतंय, दादा गेम सोडू का. पोरगं रोज नेमानं खेळतंय, चांगलं खेळतंय, चुकीचा आहे तो प्लॅन. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला नियम सगळ्यात जास्त नुकसान करतोय म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. शियांगलिंगला एम्ब्लेम सेट पाहिजे हे बरोबर. पण आता त्याच सेटचा पायरो (आगीचा डॅमेज वाढवणारा) गॉब्लेट (पाचातला पेल्याचा पीस) पडायचे चान्स काढा. डोमेनमध्ये दोन सेट पडतात, म्हणजे निम्मे आपल्या कामाचे. त्यात पीसचे प्रकार पाच, म्हणजे गॉब्लेट पाचात एक. आणि गॉब्लेट पडला तरी त्यावर पायरो यायचा चान्स ५%. तिन्ही गुणा, दोनशे आर्टिफॅक्टमागं एक. रेझिन ८ मिनिटाला १ भरतं, दिवसाला १८०, एका डोमेनला २० लागतं, म्हणजे रोज ९ वेळा डोमेन, प्रत्येक वेळी साधारण एक फाइव्ह स्टार. दोनशे व्हायला तीन आठवडे गेले. आणि एवढं करून दोनशेनंतरही शंभरातल्या जवळपास ३७ जणांना तो मिळालेलाच नसतो, ही साधी संभाव्यता आहे, बारावीच्या गणितातली. सबस्टॅट (पीसवरचे छोटे जादा आकडे) चांगले यायची गोष्ट तर अजून सुरूच झाली नाही भावांनो. एवढे दिवस बाकीचे चार पीस प्लस झिरोवर ठेवून लढायचं?

आणि गरजच काय, सेटचा बोनस चार पीसवर पूर्ण मिळतो, पाचवा कुठल्याही सेटचा चालतो. गॉब्लेट मिळायला अवघड, मग तोच बाहेरचा घाला. चार पण जमले नसतील तर दोन नोब्लेस आणि दोन क्रिमसन विच या सेटांचे लावा, बर्स्टला (कॅरेक्टरचा मोठा हल्ला) २०% आणि पायरोला १५% मिळतं आणि काम चालतं.

आता ‘वाया जातं’ म्हणतात त्याचं बघू. वाढवलेला आर्टिफॅक्ट नंतर दुसऱ्याला खायला घातला की त्याचा ८०% एक्सपी (वाढवायचे पॉइंट) पुढच्यात जातो. मोरा (गेममधले पैसे) परत येत नाही हे खरं, तेवढा तोटा मी मान्य करतो. पण तो तोटा कमी करायची सोपी रीत आहे, आधी प्लस १६ ला थांबायचं. प्लस २० ला न्यायला एकूण २,७०,४७५ एक्सपी लागतात, प्लस १६ ला १,५३,३००, म्हणजे शेवटच्या चार लेव्हलच एकट्या १,१७,१७५ खातात. आणि मिळतं काय, अटॅकच्या सँड्सवर (वाळूघड्याळाचा पीस) प्लस १६ ला ३८.७% असतं ते ४६.६% होतं. सत्तावन्न टक्के खर्चात त्र्याऐंशी टक्के मेन स्टॅट (पीसचा मुख्य आकडा) हातात येतो. पाचही पीस १६ ला न्या, खेळायला लागा, आणि ज्यावर सबस्टॅट खरंच भारी पडलेत तोच २० ला न्या. दर चार लेव्हलला सबस्टॅट वाढतो, तिथं थांबून बघायची सवय लावली की मोरापण वाचतो.

दुसरा नियम. फाइव्ह स्टार शस्त्र भारी असतं, कोण नाही म्हणतंय. पण नसलं तर कॅरेक्टर बंद करून ठेवायचं हे कुठलं? शस्त्राच्या बॅनरवर (नशिबाचा ड्रॉ) फाइव्ह स्टारची खात्री ८० विशला (ड्रॉच्या खेपा), एका विशला १६० प्रिमोजेम (गेममधलं चलन), म्हणजे १२,८०० प्रिमोजेम, आणि पहिल्यांदा नको ते शस्त्र आलं तर दुप्पटपर्यंत जावं लागू शकतं. कॉलेजच्या पोरानं ते कुठून आणायचं, का घरच्यांच्या यूपीआयवरनं? तिकडं गेममधल्या इनाझुमा प्रदेशात मासे पकडून ‘द कॅच’ हा फोर स्टार भाला फुकट मिळतो, फुकटच रिफाइन (शस्त्राचा दर्जा) ५ पर्यंत जातो, मग बर्स्टचा डॅमेज ३२% आणि बर्स्टचा क्रिट रेट (मोठा टोला बसायचा चान्स) १२% वाढतो. वर लेव्हल ९० ला ४५.९% एनर्जी रिचार्ज (बर्स्ट भरायचा वेग), आणि एम्ब्लेम सेट एनर्जी रिचार्जच्या २५% एवढा बर्स्ट डॅमेज देतो, म्हणजे दोन्ही एकमेकांना धरून चालतात. त्या पोरानं आजपर्यंत गळ टाकला नव्हता, कारण मेसेजमध्ये फोर स्टारला कचरा म्हटलंय.

बेनेट या दुसऱ्या कॅरेक्टरचं पण सांगतो, कारण ही चूक लई जण करतात. त्याचा अटॅक बफ (दुसऱ्यांचा अटॅक वाढवणं) त्याच्या बेस अटॅकवर चालतो, म्हणजे कॅरेक्टर अधिक शस्त्र, बास. आर्टिफॅक्टवरचा अटॅक त्यात धरतच नाही. त्यामुळं त्याच्यासाठी अटॅकचा सँड्स शोधण्यात रेझिन घालण्यापेक्षा त्याची लेव्हल वाढवा आणि जास्त बेस अटॅकची तलवार देऊन ती ९० ला न्या, आणि आर्टिफॅक्टवर एचपी आणि एनर्जी रिचार्ज बघा. कुणाचा डॅमेज कशावर चालतो हे टॅलंटच्या वर्णनात लिहिलेलं असतं, ते आधी वाचायचं, मग प्लॅन.

तिसरा, टॅलंट शेवटी. माझ्या मामाची तासगावकडं द्राक्षबाग आहे. एप्रिलला खरड छाटणी करतात तेव्हा वेलीवर द्राक्ष दिसत नाही, पण पुढच्या हंगामाची काडी तिथंच तयार होते, ऑक्टोबर छाटणीनंतर माल येतो तो त्या काडीवर. टॅलंट म्हणजे ती एप्रिलची छाटणी आहे. स्किल आणि बर्स्टचे बहुतेक आकडे लेव्हल १ ला १०० धरले तर ६ ला १४०, ८ ला १६०, १० ला १८० होतात, आणि यात नशिबाचा भाग नाही, टॅलंटची पुस्तकं गोळा केली की वाढणारच. दोनशेत एकच्या आशेवर महिना घालवायचा आणि खात्रीचे ६०% सोडून द्यायचे, हा प्लॅन कसा म्हणायचा मला कळत नाही. शियांगलिंग ८० ला आहे म्हणजे टॅलंट ८ पर्यंत आजच जाऊ शकतात. ६ च्या पुढं आठवड्याच्या बॉसचं मटेरियल लागतं, पहिले तीन बॉस ३० रेझिनला, ते आठवड्यात चुकवू नका.

चौथा नियम लवकर संपवतो. एका क्रिट रेटच्या बदल्यात दोन क्रिट डॅमेज असा सबस्टॅटचा हिशोब असतो. एकाकडं ३० रेट आणि २०० डॅमेज, दुसऱ्याकडं ५५ आणि १५०, खर्च दोघांचा सारखाच. सरासरी काढा, पहिल्याचा हजाराचा टोला १,६०० पडतो, दुसऱ्याचा १,८२५. पहिल्याचा एखादा स्क्रीनशॉट मोठा दिसतो एवढंच. आणि शियांगलिंगच्या बर्स्टला ८० एनर्जी लागते, वेळेला बर्स्टच भरला नाही तर क्रिट डॅमेज ३०० असून काय करायचंय?

त्या पोराला काल बसवून त्याच्या बॅगेतलेच पाच पीस काढले, चार एम्ब्लेम आणि बाहेरचा एक पायरो गॉब्लेट, होता की त्याच्याकडं, नुसता सेट जुळत नाही म्हणून पडून होता. मोरा होता तेवढ्यात तीन पीस १६ ला गेले, उरलेले दोन या आठवड्यात. शियांगलिंगची डिलिजन्सची पुस्तकं मंगळवार, शुक्रवार, रविवारी मिळतात, त्या तीन दिवसांचं सगळं रेझिन तिथं, बाकीच्या दिवशी बॉस आणि मोरा, आर्टिफॅक्टचं डोमेन टॅलंट ८ झाल्यावर. आज सकाळी सहाला त्याचा मेसेज, दादा कॅचसाठी मासे कुठल्या वेळेला येतात.