ताट झाडापासून आलं, पण जाणार कुठे?

हल्ली कुठल्याही कार्यक्रमात डिस्पोजेबल ताटं आली की पाठोपाठ एक वाक्य येतंच: "काळजी नको, इको-फ्रेंडली आहेत." पाकिटावर हिरवं पान छापलेलं असलं की सगळ्यांचं समाधान होतं. माझं म्हणणं असं की ताट कशाचं आहे हे नंतर विचारा. जेवण झाल्यावर ते कुठे पडणार, हे आधी.

वनस्पतीपासून बनलं म्हणजे कुजणारच, असं मुळीच नाही. उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनवतात. कच्चा माल शेतातला, पण चिवटपणा नेहमीच्या प्लॅस्टिकचाच.

सगळ्यात जास्त गफलत होते ती पीएलएची, म्हणजे पॉलिलॅक्टिक अॅसिडची. मक्यातली साखर आंबवून लॅक्टिक अॅसिड बनवतात आणि त्यापासून हे प्लॅस्टिक. ग्लास काचेसारखा लखलखीत दिसतो, पण साधा पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो, म्हणून उकळतं पाणी ओतलं की वेडावाकडा होतो. गंमत म्हणजे नीट कुजायलाही त्याला जवळपास तेवढीच उष्णता लागते, तीही टिकून राहिलेली. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात ती मिळते. घरच्या कंपोस्टच्या बादलीत तो ग्लास महिनोन्महिने तसाच पडून राहतो. युरोपियन युनियनने ३ जुलै २०२१ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक ताटांवर बंदी घातली, त्यात पीएलएलाही सूट दिली नाही. बरोबरच केलं.

मला विचाराल तर उसाच्या चिपाडाचं ताट बरं, किंवा सुपारीच्या गळून पडलेल्या झावळीचं. झावळीचा रुंद भाग धुऊन गरम साच्यात दाबला की झालं ताट. चिपाडाचा आधी लगदा करावा लागतो. असं ताट हातात घेऊन उलटसुलट बघा, बऱ्याचदा एका बाजूला साच्याच्या जाळीचे बारीक ठसे दिसतात. मग त्यावर गरम तेलाचा थेंब टाका. नुसता लगदा तेल पितो. थेंब तसाच उभा राहिला आणि पुसल्यावर डागही नसला, तर त्यात काहीतरी घातलंय हे नक्की. ते काय, हे विक्रेत्याला विचारायलाच हवं. कारण वर्षानुवर्षं तेल रोखण्यासाठी पीएफएएस नावाची फ्लोरीनयुक्त रसायनं वापरली गेली, आणि ती कुजत नाहीत. ताटाचं खत होतं, ती मात्र खतातून मातीत उतरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की खाद्यपदार्थांच्या कागदी वेष्टनासाठीची तेलरोधक पीएफएएस तिथे आता विकली जात नाहीत. म्हणून जगभर तसंच असेल असं धरून चालू नका. 'पीएफएएस नाही' हे लेखी मागा.

नुसतं 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेलं असेल तर मी ते पाकीट परत ठेवते. युरोपचा ईएन १३४३२ किंवा अमेरिकेचा एएसटीएम डी६४०० असा कंपोस्ट होण्याच्या मानकाचा क्रमांक हवा. ईएन १३४३२ मध्ये १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरची चाळणी लावतात, वर १० टक्क्यांहून जास्त उरता कामा नये. पण ही परीक्षा मोठ्या प्रकल्पातल्या कंपोस्टसाठीची आहे. घरच्या खतासाठी वेगळं प्रमाणपत्र असतं, ते शोधा.

आणि कंपोस्टची सोयच नसेल तर? कचरा डेपोत हवेविना दबलेलं हेच ताट मिथेन सोडतं. तिथे धुऊन वापरायची ताटं आणा, वाद नाही.

घ्यायचीच असतील तर झाकणं आणि चमचेही तपासा. वाटी चिपाडाची आणि झाकण पीएलएचं, असे संच सर्रास मिळतात. घरी खत करणाऱ्याला त्यातलं झाकण वेगळं काढावंच लागतं.